नाव कोणी सांगावे, कोणाचे झाकावे?

आपल्या संघटनेच्या मागील बैठकीत एका ठरावाचा मसुदा वाचून दाखविण्यात आला. इंटरनेटवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपले खरे नाव व ओळखपत्र दिल्याखेरीज त्यास एक अक्षरही लिहू देऊ नये, असा कायदा शासनाने करावा, अशी त्यात मागणी होती. बहुतेक सदस्यांनी माना डोलावल्या. या मागणीमागील कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्याच एका व्यवसायबंधूच्या चिकित्सालयाविषयी गूगलच्या नकाशावर कोणा निनावी इसमाने ‘येथील भस्मात शिसे असते’ अशा अर्थाच्या दोन ओळी लिहून ठेवल्या, आणि त्या दोन ओळींनी वीस वर्षांच्या व्यवसायास धक्का बसला. लिहिणारा रुग्ण होता, की प्रतिस्पर्धी, की कोणी रिकामटेकडा, हे आजतागायत कळलेले नाही. उत्तर तरी कोणास द्यावयाचे?

त्यांचे दुःख मी जाणतो. तरीही त्या दिवशी मी ठरावाच्या बाजूने हात वर केला नाही. चहाच्या वेळी दोघा-तिघा ज्येष्ठांनी नापसंती दाखविली. त्यांना उभ्या उभ्या जे सांगता आले नाही ते येथे मांडतो.

प्रथम माझीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. चार वर्षांपूर्वी धारूर तालुक्यातील एका वाडीवरील ऊसतोड करणारी स्त्री माझ्याकडे त्वचाविकारासाठी येत असे. लक्षणे एककुष्ठाची होती. आधुनिक शास्त्र ज्यास सोरायसिस म्हणते त्याच्या जवळची. शमन चिकित्सेने अपेक्षित उपशय मिळेना, म्हणून तिच्या हाताचे छायाचित्र काढून मी ते वैद्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप समूहावर सल्ल्यासाठी टाकले. नाव लिहिले नव्हते, गाव लिहिले नव्हते, चेहरा तर नव्हताच. खाली फक्त ‘एककुष्ठ, स्त्री, वय ३२’ एवढेच. आपण पूर्ण काळजी घेतली, असा माझा समज होता.

त्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होते. तुळशीवृंदावन आणि त्याखाली भावाचे नाव. समूहातील कोणीतरी ते चित्र पुढे पाठविले, तेथून ते औषध विक्रेत्यांच्या समूहावर गेले, आणि तिसऱ्या का चौथ्या ठिकाणी तिच्या सासरच्या एकाने ते गोंदण ओळखले. त्याने शब्द वाचला तो ‘कुष्ठ’. शास्त्रात कुष्ठ अठरा प्रकारचे, त्यांत त्वचेच्या किती तरी साध्या व्याधी येतात, हे आपण जाणतो. गावाला कुष्ठ म्हणजे महारोग एवढेच ठाऊक. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघण्याची वेळ होती. मुकादमाने ‘हा कोयता मी नेत नाही’ म्हणून सांगितले आणि दिलेली उचल परत मागितली. मी स्वतः त्याच्या घरी गेलो, व्याधी संसर्गजन्य नाही असे लेखी दिले, परंतु टोळी दोन दिवसांपूर्वीच निघून गेली होती. ते नवरा-बायको पुढे दुसऱ्या टोळीतून, कमी उचलीवर, कर्नाटकात गेले. ती स्त्री माझ्याकडे पुन्हा आली नाही. का यावे तिने?

शहरात नाव झाकले की माणूस झाकला जातो. धारूरसारख्या गावात तसे होत नाही. येथे गोंदण, लुगड्याचा काठ, चालण्याची ढब, औषधाच्या दुकानासमोर उभी केलेली मोटारसायकल, एवढ्यावरून माणूस ओळखला जातो. म्हणून ‘मी नाव लिहिले नाही’ ही आपली सबब फारशी उपयोगाची नाही.

चरकाचार्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा अधिक चांगली कळली होती. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्योपनयनाच्या प्रसंगी गुरू जो उपदेश करतात, तो बी.ए.एम.एस.ला आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केला आहे. रुग्णाच्या घरी त्या घरास परिचित व अनुमत अशा पुरुषासोबतच, मस्तक खाली ठेवून प्रवेश करावा. आत शिरल्यावर वाणी, मन, बुद्धी व इंद्रिये रुग्णाखेरीज अन्यत्र लावू नयेत. आणि त्या कुटुंबातील वृत्तान्त बाहेर नेऊ नये. आचार्यांनी ‘रुग्णाचे नाव बाहेर सांगू नये’ असे म्हटलेले नाही, हे मला मुद्दाम दाखवावयाचे आहे. त्यांनी घरातला वृत्तान्तच बाहेर नेऊ नये असे म्हटले. नाव वगळून वृत्तान्त नेणे चालेल, अशी पळवाट तेथे नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी शतके आधी लिहिलेला तो नियम माझ्या हातून मोडला गेला, आणि प्रामाणिकपणे विचारले तर आपल्यातील बहुतेकांच्या हातून आठवड्यातून एकदा तरी मोडला जातो.

याच जिल्ह्यात २०१९ साली जे घडले ते आठवावे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी वृत्तपत्रांतून देशभर गेली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांत सुमारे १३,८०० स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ही माहिती बाहेर आली हे उत्तमच झाले, कारण त्यानंतरच खाजगी रुग्णालयांतील या शस्त्रक्रियांवर देखरेख सुरू झाली. पण ती बाहेर कशी आली? अनेक स्त्रिया बोलल्या त्या आपले नाव कोठे येणार नाही या भरवशावर. ‘आधी नाव आणि आधारकार्ड, मग तक्रार’ असे म्हटले असते, तर गावात राहून, त्याच मुकादमाकडून उचल घेणाऱ्या किती बायका पुढे आल्या असत्या?

त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. स्त्रियांची नावे गाळणाऱ्या काही बातम्यांनी गावांची नावे मात्र ठळक छापली आणि ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव’ अशी त्यांची ओळख करून दिली. आज इतकी वर्षे झाली तरी संगणकावर त्या गावांचे नाव टाकले की पहिली येते ती हीच गोष्ट. त्या गावच्या मुलीचे स्थळ पाहणारा माणूस काय वाचत असेल, याचा विचार कोणी केला नाही. ती नावे मी येथे लिहीत नाही.

आता ठरावाकडे वळतो. त्याच्या मुळाशी एक श्रद्धा आहे की, नाव उघड केले म्हणजे माणूस जबाबदारीने वागतो आणि खोटे बोलणारा सापडतो. अनुभव काय सांगतो?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या अफवांचे ते बळी. आपल्या गावातल्या समूहात तसा निरोप येतो तेव्हा तो पाठविणाऱ्याचा क्रमांक सर्वांना दिसतो. तो आपला मेहुणा असतो, शिक्षक असतो, कधी कधी आपणच असतो. पाठविणारा ओळखीचा आहे म्हणूनच निरोप खरा वाटतो. त्या घटनेनंतर कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. शासनाने २०२१ च्या नियमांत निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले आणि कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मूळ कर्ता सापडावा, हे मलाही वाटते. पण त्यासाठी प्रत्येक निरोपावर खूण ठेवावी लागेल, आणि मग माझ्या रुग्णाने रात्री अकरा वाजता मला पाठविलेल्या रजोदोषाच्या तक्रारीवरही ती खूण असेल. हे मोल देण्याची आपली तयारी आहे काय?

आणि खरा माणूस सापडतोच असेही नाही. २००७ साली ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी कोणीतरी अत्यंत निंद्य मजकूर टाकला. मजकूर निनावी होता. पुणे पोलिसांनी संगणकाचा आयपी पत्ता मिळविला, दूरसंचार कंपनीने त्या पत्त्याचा ग्राहक म्हणून बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याचे नाव कळविले, आणि त्याला अटक झाली. कंपनीने दिलेले नाव चुकीचे होते. तो सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात होता. ज्याने काही लिहिलेच नाही त्याच्या कपाळी नाव चिकटले.

ज्यांनी उघड नावाने लिहिले त्यांचे काय झाले? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंद पाळण्याविषयी फेसबुकवर आपल्या नावाने चार वाक्ये लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. त्याहून आपल्याशी संबंधित गोष्ट म्हणजे जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. काका व्यवसायाने डॉक्टर, लेखनाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण नाव उघड होते, आडनाव उघड होते, त्यामुळे पाटीही सापडली. ज्या कलमाखाली ती अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मोडलेल्या दवाखान्याला त्याचा काय उपयोग?

आडनावाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्याचे सांगतो. २०२५ साली बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरील पट्टीवर केवळ पहिले नाव लिहावे, आडनाव लिहू नये, असे ठरविले. जातीवरून माणसाची पारख होऊ नये, हा हेतू. पोलिसालाही ज्या जिल्ह्यात आपले आडनाव झाकण्याची गरज वाटते, तेथे चोवीस वर्षांच्या पोराने गावच्या राजकारणाविषयी लिहिताना संपूर्ण नाव लिहावे, अशी सक्ती आपण मागतो आहोत! असो.

दक्षिण कोरियाने ही सक्ती करून पाहिली. २००७ पासून तेथे मोठ्या संकेतस्थळांवर मत मांडण्यापूर्वी खरी ओळख पटविणे बंधनकारक झाले. परिणामी लोकांचे नागरिक क्रमांक संकेतस्थळांच्या कोठारांत साठत गेले, आणि २०११ मध्ये एकाच ठिकाणाहून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच घटनाविरोधी ठरविली. आपल्याकडे एवढे दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. सायबर कॅफेने ग्राहकाचे ओळखपत्र पाहून नोंद वर्षभर जपावी, असा नियम २०११ मध्ये झाला. माझ्या पाहण्यातील एका केंद्रात ती नोंदवही गल्ल्यावर उघडी पडलेली असे. निकाल पाहण्यास आलेल्या मुलींची नावे आणि मोबाइल क्रमांक कोणीही वाचावेत. त्यातून एका मुलीला रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. सुरक्षिततेसाठी घेतलेले नाव असुरक्षिततेचे कारण झाले.

निनावी लेखन भ्याडांचे, असेही बैठकीत कोणी म्हणाले. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते; १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने. १८९७ मध्ये ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ टोपणनावानेच छापले गेले, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती संपादक लोकमान्य टिळकांना. म्हणजे लेखकाचे नाव झाकलेले असताना जबाबदार माणूस उभा होता. आजच्या इंटरनेटवर उणीव या दुसऱ्या गोष्टीची आहे, असे मला वाटते. आपल्या व्यवसायबंधूवर शिशाचा आरोप झाला तेव्हा त्यांनी कंपनीकडे पाच वेळा तक्रार केली. प्रत्येक वेळी यंत्राने तयार केलेले एकच उत्तर आले. मजकूर छापणारा संपादक कोण, तो बसतो कोठे, त्याला नोटीस कोणत्या पत्त्यावर द्यावयाची, याचा पत्ता लागत नाही. ठराव करावयाचाच तर त्याविषयी करावा.

शिशाच्या आरोपाविषयी आणखी थोडे, कारण तो आपणां सर्वांच्या वर्मी लागणारा आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्या लेखावर संशोधकांची नावे होती, संस्थेचा पत्ता होता, पद्धती सविस्तर दिली होती. आपण काय केले? बहुतेकांनी ‘परदेशी कारस्थान’ म्हणून पान उलटले. शोधन-मारण नीट न झालेले भस्म आणि विधिपूर्वक केलेले भस्म यांत भेद आहे, हे म्हणणे रास्तच. पण ते दाखविण्यासाठी आपापल्या भस्मांची प्रयोगशाळेत परीक्षा करून घेणारे किती निघाले? नाव सांगून बोलणाऱ्याचे आपण ऐकत नाही, आणि निनावी बोलणाऱ्याला म्हणतो की नाव सांग. उद्या एखाद्या औषधनिर्माणशाळेतील कामगाराला ठाऊक असेल की तेथे पुटे कमी दिली जातात, तर तो स्वतःच्या नावाने लिहील आणि सोमवारी पुन्हा कामावर जाईल, हे शक्य आहे काय? आपल्या जिल्ह्याला गर्भलिंगनिदानाचे प्रकरण नवीन नाही. २०१२ साली परळीत जे उघडकीस आले त्याने संपूर्ण वैद्यकवर्गाची मान खाली गेली. अशा गुन्ह्यांत खबर देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासन शासनच देते, आणि त्यावाचून खबर मिळत नाही.

मग सर्वांनाच बुरखा द्यावा काय? मुळीच नाही. जो औषध विकतो आणि जो उपचार करतो त्याचे नाव उघडच पाहिजे. आपल्या औषधाच्या डबीवर निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक छापणे नियमाने बंधनकारक आहे. मार्च २०२० मध्ये दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतही रुग्ण व चिकित्सक या दोघांना परस्परांची ओळख असली पाहिजे, निनावी सल्ला चालणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि तरीही मोबाइलवर दिवसरात्र दिसणाऱ्या जाहिराती पाहा. मधुमेह मुळापासून, शक्ती आठ दिवसांत, मूळव्याध एका पुडीत. वैद्याचे नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, छायाचित्र कोणा नटाचे. अशा जाहिरातींना १९५४ चा औषधी व जादूटोणा उपाय कायदा स्पष्ट मनाई करतो. गेल्या वर्षी एक अविवाहित तरुण माझ्याकडे आला. अशाच एका जाहिरातीत त्याने आपला क्रमांक भरला होता. प्रथम लेप आला, मग तेल आले, आणि पैसे थांबविल्यावर ‘तुझ्या घरी फोन करून सांगू’ अशी धमकी आली. औषध विकणाऱ्याचे नाव त्याला शेवटपर्यंत कळले नाही. त्याचे नाव, गाव, व्याधी मात्र विक्रेत्यास पाठ होती. आपल्या ठरावाचा रोख येथे असता तर मी दोन्ही हात वर केले असते.

औषध विक्रेत्यांसाठीही चार शब्द. दुकानावर येणारा ‘माझ्या मित्रासाठी पाहिजे’ म्हणतो तेव्हा मित्र कोण हे तुम्हाला कळते आणि तुम्ही विचारत नाही. हे तुमचे सौजन्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु आता बिलाच्या प्रणालीत त्याचा मोबाइल क्रमांक औषधाच्या नावासह नोंदला जातो आणि ती नोंद कोणत्या शहरातील कोणत्या यंत्रात जाते, हे प्रणाली विकणाऱ्या प्रतिनिधीलाही सांगता येत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणक यंत्रणा नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ल्याने बंद पडली आणि कित्येक दिवस सारे काम कागदावर करावे लागले. आपल्या दुकानाची काय कथा! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. माहिती सुरक्षित न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्यासारख्यांना कोणी करणार नाही, हे खरे. पण रुग्णाची यादी मागणाऱ्या प्रतिनिधीला नकार देण्यास या कायद्याचे नाव उपयोगी पडेल.

मी माझ्यापुरते दोन बदल केले आहेत. छायाचित्र समूहावर टाकणे बंद केले. सल्ला हवा असेल तर एका वैद्याला फोन करतो आणि लक्षणे तोंडी सांगतो. निदान शब्दांत सांगावे लागते म्हणून माझे परीक्षणही थोडे सुधारले, हा अनपेक्षित लाभ. दुसरे, केसपेपरवर रुग्णाने सांगितलेलेच नाव लिहितो. दोन-तीन स्त्रिया माझ्याकडे माहेरच्या किंवा अगदी वेगळ्याच नावाने येतात. त्यांची खरी नावे मला ठाऊक आहेत आणि तेवढे पुरते.

ठरावाचा मसुदा पुढील बैठकीत पुन्हा येणार आहे. ‘इंटरनेटवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने’ या शब्दांऐवजी ‘इंटरनेटवरून औषध विकणाऱ्या व चिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाने’ असे शब्द घालावेत, आणि तक्रारीची दखल घेणारा जबाबदार अधिकारी महाराष्ट्रातील पत्त्यासह नेमण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे, अशा दोन दुरुस्त्या मी लेखी दिल्या आहेत. ज्या व्यवसायबंधूंवर आरोप झाला त्यांना मसुदा दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला, पहिल्या दुरुस्तीवर सही केली, दुसरीखाली स्वतःच्या हाताने ‘सात दिवसांच्या आत’ असे जोडले.